मदत हवी आहे: गडद निळ्या गाडीला ऑल-इन-वन पॉलिश कोणतं घ्यावं? (जळगाव)

नमस्कार मंडळी. गाडी २०१७ ची हॅचबॅक, रंग गडद निळा मेटॅलिक. रंग सगळा कंपनीचाच, फक्त मागचा डावा दरवाजा तीन आठवड्यांपूर्वी गॅरेजमध्ये नव्याने रंगवलेला आहे. गाडी दिवसभर उघड्यावर उभी असते, रात्री शेडमध्ये. धूळ रोज बसते, रोज कोरडं फडकं मारलं जातं, आणि धुणं बोअरच्या पाण्याने.

आता उन्हात बॉनेटवर बारीक गोल रेषांचं जाळं दिसतं. टपावर पाण्याचे पांढरे ठिपके आहेत आणि धुतल्यावरही पत्र्यावर हात फिरवला की खरखर लागते. साफ करणं, रेषा कमी करणं आणि वर संरक्षण, हे एकाच बाटलीत व्हावं अशी इच्छा आहे. ५ इंची ड्युअल अ‍ॅक्शन मशीन (पॅड गोल फिरवतानाच हलवणारं पॉलिशिंग मशीन) मिळणार आहे. बाटली कोणती घ्यायची आणि ती कशी वापरायची?

प्रतिसाद १ (धुळे)

भाऊ, आधी बाटलीवर काय लिहिलंय ते नीट वाचा, कारण "वन" किंवा "वन स्टेप" हे शब्द दोन वेगळ्या अर्थांनी छापलेले असतात. खऱ्या ऑल-इन-वनमध्ये तीन गोष्टी असतात: रंग बारीक घासणारे कण (बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड), मळ आणि जुनं मेण सोडवणारे द्रावक, आणि मागे राहणारा मेणाचा, पॉलिमरचा किंवा सिलिकाचा थर. मेग्वायर्सचं डी-१५१ आणि मेन्झर्नाचं थ्री-इन-वन या जातीतले. याउलट थ्रीडी कंपनीचं "वन" हे कंपाउंड (जास्त घासणारी पेस्ट) आणि पॉलिश यांचं एकत्रीकरण आहे, त्यात संरक्षण नाही. ते लावून गाडी तशीच उन्हात सोडली तर रंग उघडाच राहतो.

"क्लीनर वॅक्स" नावाचा तिसरा प्रकार असतो. त्यात घासणारा कण फार सौम्य असतो. मळ निघेल, चमक येईल, पण तुम्ही सांगताय ते जाळं त्याने जाणार नाही. तुमच्यासाठी मध्यम घासणारं आणि पॉलिमर संरक्षण असलेलं ऑल-इन-वन योग्य. आपल्याकडच्या उन्हात निव्वळ कार्नोबा (ताडासारख्या झाडाच्या पानांचं) मेणाचा थर दीड-दोन महिन्यांत संपतो, पॉलिमरचा तीन-चार महिने धरतो.

एक महत्त्वाचं विचारतो: पुढे सिरॅमिक कोटिंग (रंगावर घट्ट बसणारा टिकाऊ संरक्षक थर) करायचं मनात आहे का? असेल तर ऑल-इन-वन घेऊच नका. त्यातलं मेण आणि तेलं पृष्ठभागावर राहतात, त्यावर कोटिंग धरत नाही.

प्रतिसाद २ (भुसावळ)

बाटलीपेक्षा तयारी जास्त महत्त्वाची आहे, म्हणून क्रमाने सांगतो.

खरखर म्हणजे रंगात रुतलेले कण. रेल्वे यार्ड किंवा रुळांच्या जवळ गाडी लागत असेल तर त्यात ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण असणारच. पॉलिश त्यांना काढत नाही. उलट ते पॅडमध्ये अडकतात आणि नव्या रेषा पाडतात. शाम्पूने दोन बादल्यांच्या पद्धतीने धुवा: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) फक्त खळबळायचा. मग सावलीत आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारं द्रावण) फवारा आणि ३ ते ५ मिनिटं थांबा. लोखंड असेल तिथे जांभळे ओघळ दिसतील. ते वाळू न देता भरपूर पाण्याने धुवा. त्यानंतर बारीक प्रतीची क्ले (रुतलेले कण ओढून काढणारा मऊ गोळा), भरपूर शाम्पूचं पाणी शिंपडून, अजिबात दाब न देता फिरवा. क्ले जमिनीवर पडली तर ती टाकून द्या, पुसून परत वापरू नका.

टपावरचे ठिपके बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचे. पांढरं व्हिनेगर आणि बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी समप्रमाणात घेऊन फडकं ओलं करा, ठिपक्यांवर एक-दोन मिनिटं ठेवा आणि लगेच धुवा. तापलेल्या पत्र्यावर हे करायचं नाही. क्षार विरघळल्यावरही खड्ड्यासारखी खूण राहिली तर ती क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, उतरलेली आहे. उथळ असेल तर पॉलिशने जाईल, खोल असेल तर तिच्यामागे लागू नका. रेषांसाठीही तसंच: नख अडकलं की ती रेष पॉलिशच्या हातची नाही. क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन असतो, म्हणजे केसापेक्षाही पातळ.

आता मशीन. दारांच्या कडा, बॉनेटवरच्या उंच रेघा, काळं प्लॅस्टिक आणि रबर यांवर मास्किंग टेप लावा. कडांवर रंग सर्वांत पातळ असतो, आणि खडबडीत प्लॅस्टिकवर वाळलेलं पॉलिश पांढरं डागळतं आणि निघता निघत नाही. मध्यम फोम पॅडवर पहिल्यांदा पॉलिश बोटाने पातळ चोळून घ्या, वर वाटाण्याएवढे चार थेंब. पुढच्या प्रत्येक भागाला तीन थेंब पुरतात. एका वेळी दीड फूट बाय दीड फूट एवढाच भाग. मशीन १ नंबरवर पसरवा, मग ४-५ नंबरवर आधी उभे आणि मग आडवे, असे चार ते सहा फेरे मारा. हात सावकाश, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. पॅडच्या मागच्या प्लेटवर मार्करने एक रेघ ओढून ठेवा. ती फिरताना दिसली पाहिजे. थांबली तर दाब जास्त झालाय आणि मशीन फक्त थरथरतंय.

प्रत्येक भागानंतर पॅड ब्रशने साफ करा. पूर्ण गाडीला निदान चार पॅड लागतात. ओला, भरलेला पॅड घासत नाही, नुसता सारवतो.

आणि वेळ! मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना बॉनेटला हात लावता येत नाही. तशा पत्र्यावर पॉलिशमधला ओलावा काही सेकंदांत उडतो, पांढरी भुकटी उडते आणि उरलेलं चिकटून बसतं. पहाटे ६ ते ९, शेडमध्ये, पत्रा हाताला गार लागेल तेवढ्याच वेळेत काम करा. दोन दिवस लागले तरी चालतील.

प्रतिसाद ३ (चोपडा)

माझं मत थोडं वेगळं आहे. गडद निळ्या रंगावर ऑल-इन-वन फसवं ठरू शकतं. त्यातली तेलं रेषांमध्ये भरतात, पहिल्या दिवशी गाडी आरशासारखी दिसते आणि चार धुण्यांनंतर जाळं पुन्हा वर येतं. म्हणून बॉनेटवर एक फूट चौरस भागात आधी नमुना करा, पुसा, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक भाग डिस्टिल्ड पाण्याच्या चार भागांत मिसळून तेवढाच भाग परत पुसा. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघा. आता जे दिसेल ते खरं काम. रेषा परत दिसल्या तर पॅड एक पायरी कडक घ्या, बाटली बदलायची घाई नको. समाधान झालं की त्या भागावर पुन्हा पॉलिश फिरवा, कारण अल्कोहोलने तिथलं संरक्षणही गेलेलं असतं.

तरीही सत्तर टक्के रेषा जाणं तुम्हाला पुरेसं असेल तर ऑल-इन-वनच घ्या. शंभर टक्क्यांच्या मागे लागाल तर क्लिअर कोट खर्ची पडेल.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. सिरॅमिक करायचं नाही. दोन शंका आहेत. त्या रंगवलेल्या दाराचं काय करू? आणि कार्नोबा उन्हात वितळून वाहून जातं असं दुकानदार म्हणतो, ते बरोबर आहे का?

प्रतिसाद २ (भुसावळ)

दार सोडा. गॅरेजचा ताजा रंग आतून वाळायला आणि द्रावक बाहेर पडायला वेळ घेतो. त्यावर मेण किंवा सिलिकॉनचा थर इतक्यात नको. रंगाऱ्याला त्याने वापरलेल्या क्लिअरसाठीची मुदत विचारा, साधारण ६० दिवस धरून चाला. तोपर्यंत नुसतं शाम्पूने धुवा. पुढे कधी दुसरं दार रंगवायला द्याल तेव्हा गाडीला ऑल-इन-वन लावलंय हे रंगाऱ्याला सांगा. सिलिकॉन राहिलं असेल तर नवा रंग माशाच्या डोळ्यासारखा फाकतो.

प्रतिसाद १ (धुळे)

कार्नोबाचा वितळणांक ८२ अंशांच्या पुढे आहे, त्यामुळे ते वितळून वाहतं हे काही खरं नाही. पण बाटलीत शुद्ध कार्नोबा नसतो, मऊ मेणं आणि तेलं मिसळलेली असतात. उष्णता, ऊन आणि दर आठवड्याचं धुणं यांनी ती झिजतात.

काम झालं की ३००-३५० जीएसएमच्या (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाच्या) मायक्रोफायबर कापडाने पुसा, रात्रभर गाडीला पाणी लागू देऊ नका. आणि भो, ते रोजचं कोरडं फडकं आजच बंद करा! धुळीत बारीक खडे असतात, जाळं त्यानेच पडतं. गाडी धूळभरली राहिली तरी चालेल, पण पाणी मारून धूळ सुटल्याशिवाय कापड लावायचं नाही. बोअरच्या पाण्याने धुतल्यावर ते पत्र्यावर वाळायच्या आत टॉवेलने टिपून घ्या, नाहीतर टप महिन्याभरात पुन्हा ठिपक्यांचा.