'डिपेंडन्सी ग्राफ'ला मराठीत काय म्हणता?

धरमपेठकर: पोरांसाठी रिअ‍ॅक्टिव्ह प्रोग्रॅमिंगची (एक आकडा बदलला की त्यावर टेकलेले आकडे आपोआप बदलतात, त्याची) मराठी टिपणं काढून राहिलो. 'परावलंबन आलेख' लिहिलं, तर पोरं एक्स-वाय अक्ष शोधत बसली. मामला असा: कर = किमतीच्या १८ टक्के, एकूण = किंमत + कर. किंमत १०० ची २०० केली की पडद्यावर क्षणभर २१८ येतं, मग २३६. कॉल स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती यादी) उघडा, तर त्यात तयार लायब्ररीचीच फंक्शनं. कोण कोणामुळे बदललं ते गोळे-बाण काढल्यावरच दिसतं. त्या चित्राला शब्द सुचवा.

व्याकरणकाकू: 'परावलंबन' केविलवाणं वाटतं. 'अवलंबन' घ्या. मुळात 'लंब्' म्हणजे लोंबणे, आणि लॅटिन 'डिपेंडेरे'तही लोंबणंच आहे. 'आलेख' मात्र ठेवा.

बर्डीवाला: काकू, मिहानमधल्या आयटी कंपन्यांतल्या एका तरी पोट्ट्याच्या तोंडून 'अवलंबन' ऐकलं का? 'ग्राफ काढ' म्हणतात अन् काढतात.

काटोलकर: 'मदार' का नाही? आमचे आबा म्हणायचे, "औंदाची मदार मृग बहारावर." मदारजाळं म्हणा.

व्याकरणकाकू: मदार अरबी.

बर्डीवाला: अन् ग्राफ काय संस्कृत?

रकानेवाला: शब्दाआधी बाणाची दिशा ठरवा. 'अवलंबन' म्हटलं की बाण एकूणकडून कराकडे जातो. एक्सेलमध्ये 'ट्रेस प्रिसिडंट्स' (आकडा कुठून आला ते दाखवणारं बटण) दाबा, बाण कराच्या घरातून (सेलमधून) एकूणच्या घरात येतो. टिपणात एक अन् पडद्यावर दुसरं, म्हणजे पोरं गोंधळणारच. आणि २१८ चं दुखणं जुनं आहे. व्हिसिकॅल्क हे जुनं स्प्रेडशीट (१९७९) ओळीने किंवा रकान्याने हिशेब करायचं. पुढच्या घरातला आकडा लागला की मागचं घर शिळं उत्तर दाखवायचं. इथेही तेच, एकूणचा हिशेब कराच्या आधी झाला. किमतीतून दोन वाटा फुटून एकूणपाशी मिळतात, तो त्रिकोण चित्रात दिसला की समजायचं. कर आधी, एकूण नंतर, असा क्रम लावला की २१८ येतच नाही.

काटोलकर: मग 'परिणामजाळं'? बाण एक्सेलसारखा सरळ होतो.

पेठेतला: ते राहू दे. 'काढून राहिलो' म्हणजे काय? काढायचं थांबवून राहिलात का?

धरमपेठकर: काढतो आहे, भाऊ. आमच्याकडे असंच म्हणतात.

पेठेतला: टिपणांत तरी प्रमाण मराठी लिहा.

बर्डीवाला: वाचणारी पोरं नागपूरची, तुम्हाला कायले त्रास?

व्याकरणकाकू: 'कायले' नव्हे, 'कशाला'.

काटोलकर: काकू, 'ले' प्रत्ययाचा वेगळा धागा काढा, तिथे बोलतो.