ऊसतोड कामगारांच्या कोपीसाठी बिनवातीचा स्पिरिट बर्नर : रचनेबाबत सल्ला हवा आहे

कऱ्हाडचा_लेथवाला

सर्वांना नमस्कार. कऱ्हाडजवळ माझे लेथचे छोटे वर्कशॉप आहे. दिवाळीनंतर आमच्या शिवारात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात आणि गळीत हंगाम संपेपर्यंत पाचटाच्या कोप्यांमध्ये राहतात. गेल्या हंगामात पहाटे तीनच्या सुमारास एका टोळीच्या तळावर ट्रॅक्टरच्या दुरुस्तीसाठी जाण्याचा प्रसंग आला, तेव्हा प्रत्येक कोपीच्या तोंडाशी ओल्या काट्यांची चूल धुमसत होती आणि बाया एका हाताने भाकरी थापत दुसऱ्या हाताने डोळे पुसत होत्या. ज्या कारखान्यासाठी ही माणसे ऊस तोडतात, त्या कारखान्याची डिस्टिलरी तिथून उघड्या डोळ्यांनी दिसते. मळीपासून स्पिरिट करणारी यंत्रणा समोर असताना तिच्या सावलीतल्या बाईने धूर का खावा, हा प्रश्न तेव्हापासून मनातून गेलेला नाही.

वात कापावी लागते, बदलावी लागते आणि ती नीट नसली की काजळी धरते, म्हणून बिनवातीचा, साधारण २ किलोवॅटचा एकेरी बर्नर बनवावा असे मी ठरवले आहे. पहिला प्रयत्न म्हणून जुन्या पंपाच्या रॉकेल स्टोव्हमध्ये ९५ टक्के स्पिरिट भरून, उघड्या आवारात, लांब उभे राहून तो पेटवला. त्यातून तीन अडचणी समोर आल्या. ज्योत इतकी मंद होती की पाच लिटर पाण्याला तासाभरानेही उकळी आली नाही. हवा सोडून ज्योत आणखी बारीक केली की ‘फट्’ असा आवाज होऊन ती बर्नरच्या नळीत शिरत असे. आठवड्याभरात पंपाचा वायसर फुगून मऊ झाला. रचना मुळापासून कशी बदलावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

ज्वलन_निवृत्त

सर्वप्रथम एक विनंती. रॉकेलच्या स्टोव्हमध्ये स्पिरिट भरण्याचा प्रयोग पुन्हा करू नका आणि कुणाला दाखवूही नका. त्या स्टोव्हची टाकी ज्योतीच्या थेट खाली असते. रॉकेलची वाफ पेट घेण्यासाठी साधारण ३५ ते ४० अंशांच्या पुढे तापमान लागते, तर स्पिरिटला १३ ते १७ अंश पुरेसे होतात. म्हणजे आपल्याकडच्या थंडीतल्या दुपारीही त्या टाकीतली वाफ पेटण्याजोगी असते.

आता रचनेकडे वळू. वात काढून टाकण्यापूर्वी ती काय काय करते, हे कागदावर लिहून ठेवावे. ती इंधन वर चढवते, किती चढवायचे ते ठरवते, आणि टाकीतले इंधन व ज्योत यांच्यामध्ये आडोसा धरते. वात गेली की ही तिन्ही कामे दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवावी लागतात. स्वीडनमध्ये १८९२ साली निघालेल्या प्रायमस पद्धतीच्या स्टोव्हमध्ये तापलेल्या नळीत इंधनाची वाफ होते आणि ती निपल नावाच्या बारीक छिद्राच्या तोंडातून सुटून जळते; त्याने चढवण्याचे काम पंपाच्या दाबाला आणि मोजण्याचे काम निपलच्या छिद्राला दिले. आडोशाचे काम मात्र कुणालाच दिले नाही. घरोघरी झालेल्या स्टोव्हच्या भडक्यांमध्ये या उणिवेचा वाटा मोठा होता, असे माझे मत आहे.

तुमच्या पहिल्या अडचणीचे उत्तर हिशेबात आहे. रॉकेलच्या एका किलोत साधारण ४३ मेगाज्यूल उष्णता असते, शुद्ध इथेनॉलच्या, म्हणजे स्पिरिटमधल्या अल्कोहोलच्या, एका किलोत सुमारे २७. त्यामुळे २ किलोवॅटसाठी तासाला रॉकेल १७० ग्रॅमच्या आसपास पुरते, इथेनॉल मात्र २७० ग्रॅम लागते. त्यात इथेनॉलची वाफ रॉकेलच्या वाफेपेक्षा पुष्कळ हलकी, त्यामुळे त्याच छिद्रातून, त्याच दाबाने, वजनाने ती कमी बाहेर पडते. साधारण ०.३ मिलिमीटरचे निपल एक वातावरण (हवेच्या नेहमीच्या दाबाएवढ्या) जादा दाबावर रॉकेलचे पावणेदोन किलोवॅट देत असेल, तर इथेनॉलचे पाऊण किलोवॅटही देत नाही. छिद्र ०.५ मिलिमीटरच्या जवळपास न्यावे लागेल. एवढे बारीक छिद्र लेथवर पाडत बसण्यापेक्षा मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरचे पितळी पायलट जेट आणावेत. ते वेगवेगळ्या मापांत मिळतात, आटे पाडलेले असतात आणि एक काढून दुसरा बसवून पाहता येतो.

दुसरी अडचण अधिक महत्त्वाची आहे, कारण बारीक आच हीच बिनवातीच्या बर्नरची खरी परीक्षा असते. दाब कमी केला की मिश्रणाचा वेग घटतो. तो ज्योतीच्या स्वतःच्या वेगापेक्षा कमी झाला की ज्योत मागे सरकून नळीत शिरते. उपाय दोन आहेत आणि दोन्ही करावेत. बर्नरच्या टोपीची छिद्रे लहान, संख्येने जास्त आणि जाड पत्र्यात पाडलेली असावीत, म्हणजे आत शिरू पाहणारी ज्योत छिद्राच्या भिंतींवर थंड होऊन विझते. शिवाय आच दाबाने कमी न करता, निपलमध्ये खालून सरकणारी निमुळत्या टोकाची सुई बसवून छिद्रच अरुंद करावे. दाब कायम राहतो, झोताचा जोर टिकतो, आणि पूर्वी ज्यासाठी पिन घेऊन बसावे लागे ती छिद्राची साफसफाईही आपोआप होते.

बीडची_लेक

काका, आपले विवेचन पटले. मी स्वतः वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत टोळीबरोबर फिरले आहे, म्हणून वापरणारीच्या बाजूने काही गोष्टी मांडते. त्या रचनेत आधीच धराव्यात.

कोपीची उंची मधोमध जेमतेम माणूस उभा राहील एवढी असते आणि कडेला तर हात वर केला की पाचट लागते. काकडा पेटवून बर्नर तापवण्याची पद्धत तिथे चालणार नाही, कारण तापण्याआधीचा पिवळा भडका हातभर उठतो. स्पिरिटची ज्योत उन्हात जवळजवळ दिसतच नाही, हे तर त्याहून भयंकर आहे. माझ्या आईच्या पदराने एकदा चुलीवर पेट घेतला होता, पण जाळ दिसला म्हणून तो वेळीच विझवता आला.

भाकरीला सुरुवातीला तवा कडक तापावा लागतो, पाणी फिरवल्यावर आच मध्यम लागते आणि शेवटी भाकरी तव्याखालून थेट विस्तवाला लावून फुगवतात. बर्नरची टोपी उघडी असेल तर पीठ आणि कोंडा त्या बारीक छिद्रांत पडणारच. तसेच पिठले घोटताना बाई पातेल्याला चांगलाच जोर लावते. तिपाई हलकी असेल तर सगळे कलंडेल. आणि हे सगळे सामान दर काही दिवसांनी बैलगाडीत किंवा ट्रॉलीत फेकले जाऊन पुढच्या फडावर जाते.

शेवटची गोष्ट लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिते. टोळीत दारूमुळे उद्ध्वस्त झालेली घरे मी पाहिली आहेत. टाकीतले स्पिरिट कुणी पिणार नाही, याची व्यवस्था नसेल तर ही शेगडी बाईच्या डोक्याला नवा ताप होईल.

कऱ्हाडचा_लेथवाला

ताई, आपण लिहिलेले मी वर्कशॉपच्या भिंतीवर लावले आहे. काका, यावरून माझ्या मनात असे आले की पंपच नको. टाकी बर्नरपासून दूर, अर्धा मीटर उंचीवर टांगून, सलाइनच्या बाटलीसारखे स्पिरिट उताराने येऊ द्यावे. दवाखान्यातली थेंब मोजण्याची ती सोय मला फार आवडते. उलट वाफ टाकीकडे येऊ नये म्हणून मध्ये एकदिशा झडप टाकावी का? आणि अर्धे पाणी मिसळलेले स्पिरिट जाळता येते असे ऐकले आहे, ते कितपत खरे?

ज्वलन_निवृत्त

एकदिशा झडप कदापि टाकू नका. वाफ करणाऱ्या नळीत उष्णता जास्त झाली की वाढलेला दाब द्रवाला थोडे मागे ढकलतो, नळीत द्रव कमी राहतो आणि वाफ आपोआप मंदावते. ही त्या यंत्रणेची स्वतःची सुरक्षा आहे. झडप टाकली की वाफेला मागे जायला वाट उरत नाही आणि दाब नळीतच चढत राहतो. त्याऐवजी टाकी आणि बर्नर यांच्यातली नळी निदान साठ सेंटिमीटर लांब आणि बारीक ठेवा, म्हणजे मागे आलेले गरम स्पिरिट वाटेतच निवते. टाकीजवळ पाव वळशात बंद होणारी तोटी मात्र हवीच, कारण उंचावरच्या टाकीची नळी सुटली तर स्पिरिट आपणहून वाहत राहते.

उताराने येणाऱ्या इंधनाचा दाब फार कमी असतो, हेही लक्षात घ्या. अर्ध्या मीटर उंचीला एका वातावरणाचा पंचविसावा भागच मिळतो. तेवढ्यावर २ किलोवॅट हवे असतील तर छिद्र १ मिलिमीटरच्या आसपास लागेल, आणि झोताचा वेग कमी असल्यामुळे हवा ओढून घेणारी नळी तुमच्या आताच्या नळीपेक्षा रुंद करावी लागेल. हवा रॉकेल आणि स्पिरिट दोन्हींना सारखीच लागते, २ किलोवॅटला मिनिटाला सुमारे ३५ लिटर. ती आणायची ताकद मात्र इथे कमी आहे. मधूनमधून ज्योत धडधडेल, ती वाफेच्या नळीत पितळी जाळीची गुंडाळी भरून बरीच शांत करता येते. पाचटाच्या कोपीत दाबाखालचे स्पिरिट नकोच, म्हणून एवढा खटाटोप करूनही मी उताराचीच बाजू घेईन.

पाणी मिसळलेल्या स्पिरिटबद्दल ऐकलेत ते खरे आहे, आणि ते काम आपल्या शेजारीच झाले आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजनाने निम्मे पाणी असलेल्या इथेनॉलवर चालणारा स्टोव्ह विकसित केला. असे मिश्रण सांडले तरी ते पेटण्याचा धोका कमी असतो. मात्र त्याची किंमत वाफेच्या नळीला मोजावी लागते. २ किलोवॅटच्या ज्योतीसाठी रॉकेलची वाफ करायला साधारण ४० वॅट पुरतात, शुद्ध इथेनॉलला ७५, आणि निम्म्या पाण्याच्या मिश्रणाला २९० वॅटच्या घरात. म्हणजे ज्योतीच्या सातव्या भागाएवढी उष्णता परत नळीला द्यावी लागते. त्यासाठी तांब्याची नळी टोपीभोवती एक नव्हे, तीन-चार वेढे घालून, ज्योतीला जवळजवळ चिकटवून न्यावी लागेल. तुम्ही पहिला नमुना ९५ टक्क्यांवर करा आणि तो सरळ चालला की पाणी पाच-पाच टक्क्यांनी वाढवत जा. पाणी विहिरीचे नको. क्षार नळीत बसून महिन्याभरात ती बुजेल.

काकड्याविषयी ताईंचे म्हणणे योग्य आहे. टोपीखाली झाकण असलेली, चमचाभर स्पिरिट मावेल एवढीच वाटी ठेवावी आणि तिला वरून न ओतता तोटीतून मोजकेच स्पिरिट येईल असे करावे. भडका टोपीच्या कड्याबाहेर जाता कामा नये.

फलटण_रोड

साहित्याबद्दल थोडे लिहितो, कारण माझा व्यवसाय पितळी भांड्यांचा आहे. पाण्याचा अंश असलेले स्पिरिट साध्या लोखंडाला गंज धरवते आणि अॅल्युमिनियमही खाते, म्हणून टाकी स्टेनलेस पत्र्याची आणि जोडसामान पितळी असावे. ज्योतीजवळचा एकही सांधा कथिलाच्या डागाचा नको; तो दोनशे अंशांच्या आतच वितळतो. तिथे ब्रेझिंग, म्हणजे पितळेचा डाग, हेच करावे. वायसर टेफ्लॉनचे वापरावेत.

सांडण्याचीच भीती असेल तर आणखी एक पद्धत आहे. डब्यात शोषक तंतू भरून त्यातच स्पिरिट जिरवलेले असते, डबा उलटा केला तरी ते गळत नाही आणि वरच्या तोंडातून उडणारी वाफ जळते. आसाममध्ये नामरूप येथे २०१८ साली मिथेनॉलवर चालणाऱ्या अशाच डब्यांच्या शेगड्या पाचशे घरांना देण्याचा उपक्रम सुरू झाला. भाकरीसाठी ती आच मला अपुरी वाटते, पण आडोशाचे काम तिच्याइतके चांगले दुसरे कुणी करत नाही. मिथेनॉल मात्र कोपीत आणू नका, ते पोटात गेले तर डोळे आणि जीव दोन्ही जातात.

परवानगीचेही आत्ताच पाहा. विकृत, म्हणजे पिण्यास अयोग्य केलेले स्पिरिटसुद्धा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कक्षेत येते, त्यामुळे साठवणे आणि वाटणे यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे रीतसर अर्ज करावा लागेल. त्याच वेळी कारखान्याला स्पिरिटमध्ये डेनाटोनियम मिसळून देण्याची विनंती करावी. ते इतके कडू असते की घोटभरही घशाखाली उतरत नाही.

कऱ्हाडचा_लेथवाला

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुढील नमुन्यात टाकी कोपीच्या बाहेर, मेढीला टांगलेली असेल. नळी पाचटातून आत येताना लोखंडी पाइपातून येईल आणि तोटी बाईच्या हाताशी, आत, तसेच टाकीपाशी, बाहेर, अशा दोन असतील. टोपीवर पीठ अडवण्यासाठी उतरते छत्र बसवतो आणि तिपाईचे पाय जमिनीत वीतभर रुततील असे टोकदार करतो. तपासणी कशी करावी, एवढे शेवटचे सांगावे.

ज्वलन_निवृत्त

पाच लिटर पाणी २७ अंशांपासून ९० अंशांपर्यंत किती मिनिटांत तापते ते पाहा. २ किलोवॅटची निम्मी उष्णता पातेल्यात गेली तर २२ मिनिटे लागतील. तीसच्या पुढे गेलात तर जाळी आणि पातेल्यामधले अंतर कमी-जास्त करून पाहा. मग सर्वात बारीक आचेवर सलग एक तास जळू द्या आणि ज्योत आत शिरते का, ते ऐका.

पातेल्याचे बूड स्वच्छ राहिले म्हणून समाधान मानू नका. रॉकेल अर्धवट जळले की काजळी चुगली करते, स्पिरिट करत नाही. ते अर्धवट जळले तर तिखट वास येतो आणि डोळे चुरचुरतात. त्याच वेळी कार्बन मोनॉक्साइडही बाहेर पडत असू शकतो. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात धुराचे विश्लेषण करणारे यंत्र असेल, तर बारीक आणि मोठी अशा दोन्ही आचांवर मोजणी करून घ्या. गॅसच्या शेगडीला आपल्याकडचे मानक कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड यांचे ०.०२ हे गुणोत्तर कमाल मर्यादा म्हणून घालून देते. तुम्हीही तीच मर्यादा धरा. बारीक आचेवर ती ओलांडली गेली, तर छत्र अर्धा सेंटिमीटर वर उचलून पुन्हा मोजा. पीठ अडवणारे छत्र हवाही अडवते आणि माझ्या अंदाजाने पहिली चूक तिथेच निघेल.

बीडची_लेक

दादा, नमुना तयार झाला की कळवा. मी आईला घेऊन येते. ती बत्तीस हंगाम चुलीपुढे बसली आहे. पहिली भाकरी तिला करू द्या, आणि ती जे जे बदलायला सांगेल ते लिहून घ्या.