‘लाइट आहे का?’ म्हणजे कोणता लाइट?

जळगावात बसून आम्ही रावेर-यावलकडच्या केळीच्या कोल्ड स्टोरेजांमधले नेटवर्क स्विच बघतो. तिथल्या पोरांसाठी मराठीत पानभर सूचना लिहायला घेतल्या आणि पहिल्याच शब्दाला अडकलो.

झालं असं, परवा एक लिंक गेली. आमच्या टोकाच्या एसएफपीचं, म्हणजे स्विचमध्ये खोचून फायबर जोडायच्या छोट्या मॉड्यूलचं, रीडिंग काढलं. पाठवणी मायनस ५ डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजायचं माप, मायनसचा आकडा मोठा तितकी ताकद कमी), म्हणजे आमचा लेझर ठणठणीत. आवक मायनस ४०, म्हणजे तिकडून काहीच येत नाही. फोन लावला.
‘लाइट आहे का?’
‘आहे ना, पंखा फिरतोय.’
‘ती नाही रे, पोर्टवरचा.’
‘हिरवा आहे की!’
दहा मिनिटांनी कळलं, तो शेजारच्या कॉपर, म्हणजे तांब्याच्या केबलच्या, पोर्टचा हिरवा. मला हवा होता तिसराच, फायबरमधला. तिघांना वेगळे शब्द सुचवा. शिवाय मॉड्यूलच्या ‘हेल्थ’ला ‘आरोग्य’ लिहिलं की जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात आल्यासारखं वाटतं.

भुसावळहून:
वीज ती लाइट. ती ‘गेली’ आणि ‘आली’ म्हणतो आपण. पोर्टवरचा तो दिवा. फायबरमधला उजेड. ‘काय उजेड पाडला’ म्हणून हसतील, हसू देत. मात्र ‘उजेड मायनस १२ वरून १५ वर गेला’ लिहू नका, वाचणाऱ्याला तो वाढला वाटेल. ‘३ डीबीनं उतरला’ लिहा, म्हणजे निम्मा झाला.

धुळ्याहून:
दिवा मान्य. उजेडाला माझा सक्त विरोध. उजेड म्हटलं की माणूस बघायला जातो, फायबरच्या तोंडाला डोळाच लावेल. १३१० नॅनोमीटरचा लेझर दिसत नाही, पण डोळ्याला धोका आहेच. ‘आवक’ वाचून मला कापसाचा ट्रक दिसतो. ‘पोच’ लिहा. पाठवणी मायनस ५, पोच मायनस ९. लाइट शब्दाला हातच लावू नका. आमची आई फोनवर ‘लाइट शे का?’ विचारते ती विजेबद्दलच.

हेल्थला ‘प्रकृती’ घ्या. तापमान, व्होल्टेज, लेझरचा बायस करंट (लेझर चालता ठेवणारा करंट), पाठवणी, पोच ही पाच रीडिंगं मॉड्यूल स्वतः देतं, आणि धोक्याच्या मर्यादाही बहुधा त्याच्याच मेमरीत असतात. मे महिन्यात ६८ अंश दिसले तर साध्या, ७० पर्यंतच्या मॉड्यूलची धाकधूक. ८५ पर्यंतच्या इंडस्ट्रियलला तेच मानवतं. आकडा एक, प्रकृती दोन. ‘आरोग्य’ या शब्दात हे ‘मानवणं’ बसत नाही.

आणखी एक. लेझर म्हातारा होतो तेव्हा पाठवणी आहे तेवढीच दिसते, करंट मात्र महिन्यामहिन्याला चढतो. आतलं सर्किट जास्त करंट देऊन उजेड सांभाळत असतं (घ्या, मीच उजेड म्हणालो). याला ‘अंगावर काढतोय’ याहून चांगला शब्द नाही. एसएनएमपीनं (नेटवर्कवरून लांबूनच रीडिंग मागवायची पद्धत) रोजचा आकडा साठवा, तरच ते दिसेल.

जळगावहून, मूळ प्रश्नकर्ता:
दिवा, पोच, प्रकृती पक्के. आमच्या १० किलोमीटरच्या दहा-जी (सेकंदाला १० गिगाबिटच्या) मॉड्यूलांसाठी वाक्य केलं: ‘पोच मायनस १२ च्या खाली उतरली की कनेक्टर साफ करा. फायबरच्या तोंडात बघू नका.’ ‘अंगावर काढतोय’ तर तसंच्या तसं घातलं, साहेबांनी खोडलं नाही. त्या दिवशीचा दोषी उंदीर निघाला, पॅचकॉर्ड कुरतडली होती. बायस करंटला काय म्हणायचं ते अजून अडलंय.