मदत हवी आहे : सप्टेंबर लागल्यापासून बास मासा गळाला का लागत नाही?

रिकामी_टोपली
सलग तीन शनिवार तळ्यावर गेलो आणि तिन्ही वेळा हात हलवत परत आलो. उन्हाळ्यात जेमतेम का होईना, महिन्याला दोन-तीन बास मिळत होते. सप्टेंबर लागल्यापासून मात्र आमिषाला कोणी तोंडसुद्धा लावलेले नाही. खरा संताप येतो तो याचा, की मासे समोर वीस-पंचवीस फुटांवर पाण्यावर येताना स्पष्ट दिसतात आणि त्यांच्या तोंडासमोरून आमिष ओढले तरी ढुंकूनही पाहत नाहीत. काठी, रीळ, तंगूस, सर्व नवे आहे. आमिषाचे चार रंग बदलून झाले. येत्या शनिवारी रत्नागिरीहून आलेले मेहुणे बरोबर येणार आहेत, आणि त्यांचे सारे बालपण खाडीवर गरवण्यात गेलेले आहे. त्यांच्यासमोर चौथ्यांदा शोभा होऊ नये, म्हणून नेमके काय चुकते आहे ते कृपया लवकर सांगावे.

काठावरचा
आपण मेहुण्यांचे गाव सांगितलेत, तळ्याचे नाव सांगायचे राहिले. तळे कोणते, होडीतून गरवता की काठावरून, किती वाजता पोहोचता, पाणी साधारण किती खोल आहे आणि आमिष केवढे आहे, एवढे कळल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे रोग्याला न पाहता औषध देण्यासारखे आहे.

नियमावली
आपण टेक्सासात असाल, तर आधी परवाना पाहा. तेथील नेहमीचा वार्षिक परवाना मार्चमध्ये घेतला तरी ३१ ऑगस्टलाच संपतो. खरेदीच्या दिवसापासून वर्षभर चालणारा प्रकार वेगळा आहे. सतरा वर्षे पूर्ण झालेल्या जवळजवळ प्रत्येकाला परवाना लागतो, म्हणजे पाहुण्यांनाही.

रिकामी_टोपली
तळे अर्थातच लेक फोर्क. डॅलसकडची मंडळी बाससाठी दुसरीकडे कोठे जाणार? आम्ही फ्रिस्कोहून निघतो, मुलीला शनिवारच्या मराठी शाळेत सोडतो आणि तेथून दीड-पावणेदोन तासांत, म्हणजे अकराच्या सुमारास पोहोचतो. होडी नाही. पुलाजवळच्या दगडी काठावर उभा राहतो. आमिष सात इंची प्लॅस्टिकचे गांडूळ, जे मे महिन्यात उत्तम चालले होते. परवान्याची आठवण करून दिल्याबद्दल आभार. माझा एप्रिलमधला होता. आता पाहिले तर संपलेला निघाला. म्हणजे तीन शनिवार मी रिकाम्या हातांनी आणि वर बेकायदा उभा होतो.

खोलपाणी
लेक फोर्क म्हटल्यावर मला राहवत नाही. मी तेथे अकरा वर्षे गरवतो आहे आणि माझे मत अनुभवाने पक्के झाले आहे, की मोठा बास खोल पाण्यातच असतो. पाण्यात घुसलेल्या जमिनीच्या टोकावर अठरा-वीस फुटांत कॅरोलिना रिग लावावी, म्हणजे जड शिसे, त्यापुढे तीन फूट मोकळा तंगूस आणि दहा इंची गांडूळ, आणि ती तळाशी खरडत सावकाश ओढावी. टेक्सासचा विक्रमी बास, १८.१८ पौंडांचा, याच तळ्यात १९९२ साली खोल पाण्यातच मिळाला, हे विसरू नये.

शॅडमागे
खोलपाणी यांनी महिना सांगायचे टाळले, म्हणून मी सांगतो. तो मासा जानेवारीत मिळाला होता, आणि तोही क्रॅपी नावाच्या दुसऱ्या माशासाठी लावलेल्या मिन्नो या चिमुकल्या जिवंत माशावर; दहा इंची गांडुळाचा त्यात काही संबंध नाही. जानेवारीचे तळे आणि सप्टेंबरचे तळे ही दोन वेगळी तळी समजावीत. उन्हाळाभर वरचे पाणी तापून हलके होते आणि खालच्या गार, जड पाण्यात मिसळत नाही. तळाशी कुजणारा पालापाचोळा खालच्या थरातला प्राणवायू खाऊन टाकतो, वरून नवा पोहोचत नाही, आणि उन्हाळा सरताना तो थर माशाला राहण्याजोगा उरत नाही. वर थंडी पडून दोन्ही थर एक होईपर्यंत ही स्थिती टिकते. त्यामुळे सप्टेंबरअखेर फार खोल जाणे व्यर्थ आहे. दिवस लहान होऊन पाणी जरा निवले, की शॅड या लहान चंदेरी माशांचे थवे मुख्य तळ्यातून ओढ्यांच्या तोंडांशी आणि पुढे आत सरकू लागतात, आणि बास त्यांच्यामागे जातो. शॅड सापडला की बास सापडला.

खोलपाणी
मला थर शिकवू नयेत. माझ्या होडीवर पाण्याखालचे दाखवणारे यंत्र आहे, त्यावर तो थर पडद्यावर धुरकट रेघेसारखा दिसतो आणि मी त्याच्या वरच्याच पाण्यात गरवतो. गेल्या सप्टेंबरात अठरा फुटांवर मला सात पौंडांचा बास मिळाला आहे.

शॅडमागे
तो मिळाला याचा आनंदच आहे. परंतु प्रश्नकर्त्याकडे होडी नाही, यंत्र नाही आणि तो दगडी काठावर उभा आहे. त्याने अठरा फूट खोली कोठून आणावी?

तिखटजाळ
मासा मिळालाच, तर एक सांगते. बासचे मांस पांढरे आणि सौम्य असते. त्याला कोकमाचे आगळ, हळद, मीठ लावून अर्धा तास ठेवावे आणि बारीक रव्यात घोळवून तळावे, म्हणजे हिवळ वास राहत नाही. आमच्याकडे लहान बासचेच तुकडे करतात, कारण मोठा सहसा ठेवता येत नाही.

नियमावली
ताईंनी शेवटी जे सांगितले ते महत्त्वाचे आहे. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांच्या दरम्यानचा लार्जमाउथ बास, म्हणजे आपण म्हणतो तोच बास, सोडूनच द्यावा लागतो. १६ इंच किंवा त्याहून लहान ठेवता येतो, आणि दिवसाला एकूण पाचांपैकी २४ इंच किंवा त्याहून मोठा एकच. मोजपट्टी जवळ बाळगावी.

रिकामी_टोपली
सर्वांचे आभार, परंतु मासा न मिळताच तो कसा तळावा आणि किती इंचांचा सोडावा, यावर चर्चा चालली आहे. माझा मूळ प्रश्न तसाच आहे. मासे समोर वर येत आहेत, म्हणजे ते खोल नाहीत आणि ओढ्यातही गेलेले नाहीत. मग ते आमिष का घेत नाहीत?

काठावरचा
आता मुद्द्याचे बोलू. ते वर येतात म्हणजे नेमके काय दिसते? पाणी फुटून चंदेरी पिल्ले हवेत उडतात का? बगळे त्या जागी धावतात का? की नुसती पाठ दिसते?

रिकामी_टोपली
उड्या वगैरे नाहीत. तपकिरी, लांबट पाठ सावकाश वर येते, तोंड पाण्याबाहेर क्षणभर निघाल्यासारखे वाटते, मग ती तशीच वळून खाली जाते आणि मागे दोन-चार बुडबुडे राहतात. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा जवळपास त्याच जागी. दुपारी बारा-एकला, पाणी अगदी संथ असताना, हे जास्त दिसते.

भीमाकाठ
मी अमेरिका पाहिलेली नाही आणि बासही नाही, परंतु हे वर्णन वाचून राहवले नाही. आमच्याकडे मरळ अगदी अशीच वर येते. ती शिकारीसाठी येत नाही. तिला हवेतून श्वास घ्यावा लागतो, म्हणून येते. तेवढ्या क्षणी तिच्यापुढे काहीही टाकले तरी ती सहसा घेत नाही. आमचे आजोबा म्हणत, की दम खाणाऱ्याला जेवायला बोलावू नये. मरळीसाठी आम्ही बेडूक लावतो आणि तो शेवाळाच्या कडेने टपटप नाचवतो; आपणही बेडूक लावून पाहावा.

काठावरचा
भीमाकाठ यांनी हजारो मैलांवरून दुखणे ओळखले. टोपली महाशय, आपण तीन शनिवार ज्यांच्यापुढे आमिष ओढत होता ते बास नव्हतेच. लांब तपकिरी पाठ, घोट घेतल्यासारखे तोंड आणि मागे बुडबुडे, म्हणजे बहुधा गार नावाचा लांब जबड्याचा मासा. नाव गार असले, तरी पाणी तापून त्यातला प्राणवायू कमी झाला की तो हवा घ्यायला अधिक वेळा वर येतो, म्हणून आपल्याला तो भर दुपारी दिसतो. त्याचे लांब तोंड हाडाचे असते, साध्या गळाचे टोक त्यात सहसा रुततही नाही.

बासचे म्हणाल, तर तो अकरा वाजता त्या उघड्या काठावर नाही. पहाटे शॅड उथळ पाण्यात असतो तेव्हा तो तेथे असतो आणि ऊन चढले की सावलीला किंवा जरा खोल सरकतो. शिवाय या दिवसांत तो यंदाची शॅडची पिल्ले खात असतो, जी आपल्या करंगळीहून लहान असतात. त्याच्यापुढे सात इंची गांडूळ मेमध्ये चालले, आता त्याला ते परके वाटते. उजाडायच्या आत पोहोचा, ओढा तळ्याला मिळतो त्या बाजूच्या दगडांवर उभे राहा, दोन इंची पांढरे-चंदेरी खुळखुळ्याचे आमिष लावा, ते दगडांना समांतर फेका आणि भरभर ओढा. पाण्यावर पावसाचे थेंब पडल्यासारखी थरथर दिसली, की तो शॅडचा थवा समजावा.

खोलपाणी
भरभर ओढल्याने फक्त पोरसवदा मासे मिळतात.

रिकामी_टोपली
रविवारी सकाळी लिहितो आहे. नवा परवाना काढला, मेहुण्यांसाठी एका दिवसाचा काढला, मुलीच्या शाळेची जबाबदारी पत्नीने घेतली आणि पहाटे पाचला निघालो. उजाडता उजाडता ओढ्याच्या तोंडाशी ती थरथर खरोखर दिसली. मी मात्र आधी तो पाऊसच समजून आकाशाकडे पाहिले. पहिला मासा मेहुण्यांना, पंधरा इंचांचा. वीस मिनिटांनी माझी काठी वाकली. खालच्या ओठात अंगठा घालून उचलला, तेव्हा पॉलिश पेपरसारखी खरखर लागली, आणि त्याने माझ्या बुटावर अर्धवट पचलेली दोन शॅडची पिल्ले ओकली, बरोबर आमिषाएवढीच. मोजला तर एकोणीस इंच. सोडून दिला. मोठा सोडायचा आणि लहान घरी न्यायचा, हा उलटा न्याय मेहुण्यांना परतीच्या वाटेवर फोर्ने गाव येईपर्यंत पटला नव्हता. साडेआठनंतर एकही ओढ लागली नाही, आणि गार मात्र आपल्या वेळेवर श्वास घ्यायला आला.

तिखटजाळ ताई, फ्रिस्कोत आगळ कोठे मिळेल?

शॅडमागे
अभिनंदन. दोन इंची पिल्ले, ओढ्याचे तोंड. यापुढे मी काही बोलत नाही.

खोलपाणी
एकोणीस इंची मासा रात्रभर खोल पाण्यात होता आणि पहाटे वर आला, एवढेच यातून सिद्ध होते.