उपासनेत मुलांशी पाच मिनिटे बोलायचे, ते कसे?

संडे स्कूल शिक्षिका, सदर

सर्वांना सप्रेम सलाम. नागपुरातील आमच्या मराठी मंडळीत आजवर आरंभीचे गीत संपले की मुले थेट संडे स्कूलच्या खोलीत जात असत. आता पाळकसाहेबांनी आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीने असे ठरवले आहे की, शास्त्रपाठ (बायबलचे वाचन) झाल्यावर मुलांनी पुढे येऊन सतरंजीवर बसावे, कोणीतरी त्यांच्याशी पाच मिनिटे बोलावे आणि मगच त्यांना वर्गात न्यावे. हे काम माझ्याकडे आले आहे. मुले चार ते बारा वर्षांची आहेत. बहुतेकांची शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात मराठी आणि गल्लीत हिंदी, त्यामुळे शास्त्रातील मराठी त्यांना जड जाते.

पहिल्या रविवारी लूककृत शुभवर्तमानाच्या 19 व्या अध्यायातील जक्कयाची, म्हणजे येशूला पाहण्यासाठी झाडावर चढलेल्या ठेंगण्या माणसाची, गोष्ट वाचली जाणार आहे. एक उंच स्टूल न्यावे, एखाद्या ठेंगण्या मुलाला त्यावर उभे करावे आणि 'उंची लहान असली तरी मन मोठे हवे' असे सांगावे, असा विचार आहे. दर रविवारी अशी एखादी वस्तू न्यावी का? मुलांना प्रश्न विचारावेत की नुसते सांगावे? आणि नंतरच्या उपदेशाशी या बोलण्याचा मेळ असायलाच हवा का? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त शिक्षिका, मोहननगर

ताई, स्टूल घरीच राहू द्या. एखाद्या मुलाला त्याच्या ठेंगणेपणासाठी सगळ्या मंडळीसमोर उभे करणे मुळातच बरे नव्हे. सोमवारी शाळेच्या व्हॅनमध्ये त्याला 'जक्कय' अशी हाक पडेल आणि ती पुढे वर्षभर त्याचा पिच्छा सोडणार नाही. दुसरे असे की, उंचीवरून मनाच्या मोठेपणाकडे जाण्याची उडी तुम्हाआम्हाला सोपी वाटते, पण पाच-सहा वर्षांच्या मुलाला ती घेता येत नाही. मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी मुलांच्या विचारशक्तीच्या वाढीचे जे टप्पे मांडले, त्यांनुसार साधारण सात ते अकरा या वयातसुद्धा मुलांचे तर्क प्रत्यक्ष वस्तूंना आणि घटनांना धरूनच चालतात. वस्तू दाखवून 'ही म्हणजे आपले मन' किंवा 'ही म्हणजे देवाचे वचन' असे सांगितले, तर लहान मुलांच्या लक्षात वस्तू राहते, अर्थ मात्र मागच्या बाकांवर बसलेल्या मोठ्यांना कळतो आणि तेच माना डोलावतात. मुलांना समोर बसवून मोठ्यांना सोपा उपदेश ऐकवायचा, हा प्रकार सर्रास चालतो, आणि मुलांना तो बरोबर कळतो.

जक्कयाच्या गोष्टीला बाहेरच्या वस्तूची गरजही नाही. तिच्यात गर्दी आहे, उंबराचे झाड आहे, पैसा आहे, लोकांची कुजबूज आहे. आपल्या मुलांनी उंबर पाहिलेला असतो. एखाद्याने पाहिला नसेल, तर शेजारचा मुलगा त्याला सांगेल. गोष्ट नीट वाचली तर तिचा क्रम फार मोलाचा आहे. जक्कय मुख्य जकातदार. लोकांकडून रोमी सत्तेसाठी कर उकळणाऱ्या माणसांचा वरिष्ठ, म्हणून सगळ्यांना नकोसा झालेला. येशू त्याला झाडाखालून नावाने हाक मारतो आणि आज तुझ्या घरी उतरायचे आहे असे सांगतो. त्या क्षणापर्यंत जक्कयाने कोणतेही चांगले काम केल्याचे लूकने लिहिलेले नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे तो नंतर बोलतो. (चोरलेल्या एका मेंढरामागे चार मेंढरे भरून द्यावीत, असा नियम जुन्या करारातील निर्गम या पुस्तकाच्या 22 व्या अध्यायात आहे. मोठ्या मुलांना हे सांगितले तर 'चौपट' हा आकडा हवेतून आला नाही हे त्यांना कळेल.) 'चांगले वागा म्हणजे येशू तुमच्या घरी येईल' असे सांगितले की गोष्ट नेमकी उलटी होते, आणि मुलांसाठीच्या बोलण्यात दहापैकी नऊ वेळा हेच ऐकू येते.

प्रश्न अवश्य विचारावेत, पण ज्यांचे उत्तर ठरलेले आहे असे नव्हेत. तसल्या प्रश्नांना मुले डोळे मिटून 'येशू' असे उत्तर देतात, कारण चर्चमध्ये ते बहुधा चुकत नाही. 'येशूने हाक मारली तेव्हा खाली उभे असलेले लोक एकमेकांना काय म्हणाले असतील?' असे विचारून पाहावे. उत्तर आले नाही तरी थांबावे. लगेच स्वतः उत्तर देऊ नये. भाषेचे म्हणाल तर शास्त्रपाठ आधीच झालेला असतो, म्हणून तुम्ही घरात बोलता ती मराठी बोलावी. 'जकातदार' हा शब्द एकदा समजावून द्यावा आणि पुढे तोच वापरावा. मुले शब्द पटकन उचलतात.

काटोल रोडकर

मॅडमचे बरेचसे म्हणणे पटते, तथापि वस्तूवर एवढा राग नको. यिर्मया संदेष्ट्याने वडील मंडळींसमोर मडके फोडले (अध्याय 19). कराविषयी विचारले तेव्हा प्रभूने नाणे मागवून घेतले. मोठा कोण, यावर शिष्यांचा वाद झाला तेव्हा त्याने एका बालकाला मध्ये उभे केले. वस्तूने करायचे काम वस्तूनेच करावे, तिला कोड्यासारखे वापरू नये, एवढेच पथ्य पुरे. हिवाळ्यात 1 करिंथ या पौलाच्या पत्राच्या 12 व्या अध्यायाचे वाचन होते, तेव्हा मी एक संत्रे मुलांसमोर सोलले आणि फोडी वाटल्या. शरीर एक आणि अवयव अनेक, हे किती जणांना कळले ते माहीत नाही, पण शेवटच्या मुलाला फोड मिळेपर्यंत कोणी आपली खाल्ली नाही, आणि त्या अध्यायाशी त्याचा संबंध नाही असे कोणी म्हणू शकणार नाही.

मात्र त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) समजावण्यासाठी संत्रे, अंडे किंवा पाणी यांपैकी काहीही नेऊ नये. पाणी, बर्फ आणि वाफ या उदाहरणाने तर एकच देव आलटून पालटून तीन रूपे घेतो अशी समजूत होते, आणि सबेल्लियसच्या नावाने ओळखली जाणारी ती शिकवण मंडळीने तिसऱ्या शतकातच नाकारली आहे. पाच मिनिटांत पाखंड शिकवण्यापेक्षा त्या रविवारी एक गीत शिकवावे.

कॅथलिक वाचक

आमच्याकडे याविषयी 1973 साली रोमहून स्वतंत्र मार्गदर्शिका निघाली होती. लहान मुलांसह होणाऱ्या मिस्सांसाठी (आमच्या उपासनेसाठी). धर्मगुरूला मुलांच्या पातळीवर उतरून बोलणे अवघड जात असेल, तर धर्मग्रामाच्या (स्थानिक चर्चच्या) प्रमुखाच्या संमतीने दुसऱ्या एखाद्या प्रौढ व्यक्तीने शुभवर्तमानानंतर मुलांशी बोलावे, अशी मुभा तिच्यात आहे. हे बोलणे कधी संवादाच्या रूपानेही होऊ शकते असे तिच्यात म्हटले आहे. तेव्हा प्रश्न विचारण्याला संकोच नसावा.

एका मुलीचा बाप

मी शिक्षक नाही. सतरंजीवर बसणाऱ्या एका मुलीचा बाप आहे. आम्ही पूर्वी ज्या मंडळीत जात होतो, तेथे माझ्या मुलीने एका प्रश्नाला अगदी मनापासून उत्तर दिले आणि सगळे चर्च हसले. हसणे प्रेमाचेच होते, पण ती त्यानंतर पुढे जायला तयार होईना. म्हणून पाळकसाहेबांनी पहिल्याच रविवारी मंडळीला स्पष्ट सांगावे की, हा वेळ मुलांचा आहे, आपल्या करमणुकीचा नव्हे. मुलाच्या तोंडासमोर माइक धरू नये. त्याने दिलेले उत्तर तुम्ही त्याच्याच शब्दांत, गंभीरपणे, माइकवर पुन्हा सांगावे. म्हणजे मागे ऐकूही जाते आणि हसण्याला जागाही उरत नाही. एप्रिल-मे महिन्यांत तर कूलर सुरू झाले की मुलांचे बारीक आवाज तिसऱ्या बाकापर्यंतसुद्धा पोहोचत नाहीत. कूलर पाच मिनिटे बंद करण्याचा प्रयोग मात्र करू नये. नागपूरच्या उन्हाळ्यात त्याने मोठ्यांचीच प्रार्थना बिघडते.

आणखी एक. 'तुमचे बाबा जसे तुमच्यावर प्रेम करतात, तसा देव' हे वाक्य फार सांभाळून वापरावे. समोर बसलेल्यांपैकी कोणाचे वडील नसतात, कोणाचे वडील असून नसल्यासारखे असतात. ज्या मुलाला पुढे यायचे नसेल, त्याला आजीजवळ बसू द्यावे. मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्यांनाही आवरावे लागेल.

एक पाळक

उपदेशाशी मेळ असावा, पण त्याची जबाबदारी ताईंवर टाकू नये. पाळकाने आठवडाभर आधी शास्त्रपाठ आणि उपदेशाचा रोख कळवावा, म्हणजे पुरे. बोलण्याची जागा कोणती असावी हा प्रश्न कोणी विचारलेला नाही, तरी सांगतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 29 नोव्हेंबर 1970 रोजी आपल्या नागपुरातच वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन स्थापन झाले, त्यामुळे एकाच शहरातील दोन मंडळ्यांचा उपासनाक्रमही सारखा असतोच असे नाही. तुमच्या क्रमात हे बोलणे शास्त्रपाठानंतर आहे, हे उत्तम आहे. पुष्कळ ठिकाणी ते सूचना आणि अर्पण यांच्या मध्ये कोंबलेले असते, आणि तेथे मुलांनाही आपण सूचनांपैकीच एक आहोत असे वाटू लागते.

संडे स्कूल शिक्षिका, सदर

सर्वांची ऋणी आहे. स्टूल रद्द केले आहे. बोलण्याचा शेवट असा लिहिला आहे, तो पाहून सांगावे:

'येशू झाडाखाली थांबला. वर पाहून म्हणाला, जक्कया, लवकर खाली ये, आज मी तुझ्या घरी जेवायला येणार. लोक कुजबुजू लागले. याच्याच घरी का? जक्कय उभा राहून म्हणाला, प्रभू, माझे अर्धे धन मी गरिबांना देतो, आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करतो. मुलांनो, तुम्ही खाली उभे असता तर तुम्हाला काय वाटले असते? म्हणून आपणही आपल्या वस्तू दुसऱ्यांना द्यायला शिकले पाहिजे.'

निवृत्त शिक्षिका, मोहननगर

चांगले झाले आहे. 'जेवायला' काढा, लूकने घरी मुक्कामाला उतरण्याचे लिहिले आहे, जेवणाचे नाही, आणि एखादा मोठा मुलगा घरी जाऊन शास्त्र उघडून पाहील. शेवटचे 'म्हणून' पासूनचे वाक्यही काढा. प्रश्न विचारून उत्तरे ऐका, एका ओळीची प्रार्थना करा आणि मुलांना घेऊन वर्गात जा. तेथे लहान मुलांना झाडाचे चित्र काढायला द्या आणि मोठ्यांना चौपटीचा हिशेब करू द्या.