प्रायॉरिटी क्यू लावूनही आवाज तुटतो

प्रश्न: कॉल इंटरनेटच्या लाइनवरून जातात. राउटरचा वॅन पोर्ट (सेवादात्याकडे जाणारा) १०० एमबीपीएसवर आहे, लाइन मात्र २० एमबीपीएसची. आवाजाच्या पॅकेटवर डीएससीपी ४६ (ईएफ, म्हणजे ‘आधी पाठवा’ अशी खूण) आहे आणि पोर्टवर बाहेर जाणाऱ्या दिशेने ३ एमबीपीएसची प्रायॉरिटी दिली आहे. त्या क्लासमध्ये (पॅकेटच्या गटात) पॅकेट मोजली जातात, ड्रॉप (टाकून दिलेली पॅकेट) शून्य. तरीही मोठी फाइल अपलोड होऊ लागली की समोरच्याला आवाज तुटक ऐकू येतो. कोडेक (आवाजाचा डेटा बनवण्याची पद्धत) जी.७११, कमाल ३० कॉल.

उत्तर १: मार्किंग बरोबर आहे, नाहीतर क्लासचा आकडा हललाच नसता. अडचण अशी की तुमच्या पोर्टवर क्यू (पॅकेटची रांग) तयारच होत नाही. पोर्ट १०० एमबीपीएसने पॅकेट पुढे ढकलतो आणि गर्दी होते ती पुढे, सेवादात्याच्या २० एमबीपीएसच्या पोलिसरवर (वेगमर्यादा पाळायला लावणाऱ्या यंत्रणेवर). तो बहुधा ईएफ वगैरे पाहत नाही, जास्तीचं जे येईल ते टाकून देतो.

गर्दी स्वतःच्या राउटरवर ओढून आणा. बाहेरची पॉलिसी १९ एमबीपीएसचा शेपर (जास्तीची पॅकेट रांगेत थांबवून ठरलेल्या वेगाने सोडणारा), आणि सध्याची प्रायॉरिटीची पॉलिसी त्याच्या आत. पोर्टला फक्त बाहेरची जोडायची. बरोबर २० ठेवू नका. इथरनेट हेडर मोजण्याची दोन्हीकडची पद्धत वेगळी असली तर तेवढ्यानेच ड्रॉप सुरू होतात.

उत्तर २: ३ एमबीपीएसचा हिशोबही पाहा. २० मिलिसेकंदांच्या पॅकेटला जी.७११चा एक कॉल इथरनेटसकट ८७.२ केबीपीएस घेतो. ३० कॉल म्हणजे साधारण २.६ एमबीपीएस, ठीक बसतं. पण ३५वा कॉल आला की मर्यादा ओलांडते, आणि गर्दीच्या वेळी प्रायॉरिटी क्लास जास्तीची पॅकेट टाकतो. कोणत्या कॉलची, हे तो पाहत नाही. बिघडतात सगळेच ३५. म्हणून कॉलची संख्या कॉल सर्व्हरवरच बांधून ठेवा.

प्रश्नकर्ता: शेपर लावला, आता डिफॉल्ट क्लासमध्ये (आवाज सोडून बाकीच्या पॅकेटमध्ये) ड्रॉप दिसतात. क्यूची मर्यादा ६४ वरून १००० पॅकेट करू का?

उत्तर १: नको. ते ड्रॉप हवेतच, त्यावरूनच टीसीपी (फाइल, वेब वगैरेचा डेटा नेणारा प्रोटोकॉल) वेग कमी करतो. १५०० बाइटची ६४ पॅकेट १९ एमबीपीएसवर सुमारे ४० मिलिसेकंदांत निघतात. १००० भरली तर ६३० मिलिसेकंद. आवाज वाचेल, पण वेब आणि रिमोट डेस्कटॉप रखडतील. फेअर-क्यू (प्रत्येक प्रवाहाला सारखी संधी देणारी रांग) असेल तर डिफॉल्ट क्लासमध्ये चालू करा.

येणाऱ्या दिशेला यातलं काहीच लागू होत नाही. तिथली क्यू सेवादात्याच्या राउटरवर असते, ईएफला प्राधान्य त्यांनीच द्यावं लागेल.