ओमानची रीतभात: तिथे राहिलेल्यांनी अनुभव लिहा

आमचा भाचा सोहारच्या बंदरात नोकरीला लागला आहे. व्हिसा, विमा, जागा, सगळं कंपनीने नीट समजावलं. माणसांशी कसं वागायचं, ते मात्र कोणी सांगितलं नाही. 'आखातात सगळीकडे सारखंच' म्हणून मला भागवायचं नाही. ओमानमध्ये राहिलेल्यांनी स्वतः पाहिलेलं लिहा, ऐकीव नको.

मस्कत, बांधकाम साहित्याचा व्यवसाय

पहिली गोष्ट कामाच्या वाराची. २०१३ पासून ओमानमध्ये सुटी शुक्रवार-शनिवार असते आणि आठवडा रविवारी सुरू होतो. मुंबईचं ऑफिस शनिवार-रविवार बंद, म्हणजे दोन्हीकडची माणसं जागेवर सापडणारे वार सोमवार ते गुरुवार एवढेच. शुक्रवारी दुपारी तर फोनसुद्धा करू नये, ती जुम्म्याच्या नमाजची वेळ असते.

दुसरी कहव्याची. वेलदोडा घातलेली बिनसाखरेची कॉफी, सोबत खजूर. छोटा, बिनकानाचा पेला उजव्या हातानेच घ्यायचा. त्यात घोटभरच ओततात, तो कंजूषपणा नव्हे, रीतच तशी आहे. पुरे झालं की पेला हातात हलकेच डावी-उजवीकडे हलवून परत द्यायचा. नुसता पुढे केलात तर पुन्हा भरतील. पहिला पेला नाकारू नये. कहवा संपेपर्यंत तब्येत, प्रवास, पाऊस, मुलंबाळं एवढंच बोलणं होतं, दराचं पत्रक पिशवीतच राहू द्यावं. मधेच कोणी आत येतं, सगळे उठून त्याला सलाम करतात, नव्याने ख्यालीखुशाली सुरू होते. आपल्याकडची घाईची माणसं इथे घड्याळ बघतात, आणि ते समोरच्याला लगेच दिसतं. माझे सगळ्यात टिकाऊ ग्राहक असे आहेत की ज्यांच्याकडे पहिल्या भेटीत मी कामाचा विषयच काढला नव्हता.

सलाला, इस्पितळात परिचारिका

हस्तांदोलनाबद्दल लिहिते. ओमानी स्त्रीने हात पुढे केला तरच पुरुषाने मिळवावा, नाहीतर स्वतःचा उजवा हात छातीवर ठेवून मान लववावी. आम्हा बायकांनाही तेच लागू: धार्मिक वृत्तीचे काही पुरुष हात मिळवत नाहीत, त्यात अपमान मानू नये. उलट, बायका घरात बसून असतात असा समज घेऊन कोणी येऊ नका. इथे बायका गाड्या चालवतात, वरिष्ठ डॉक्टर आहेत, मंत्री झाल्या आहेत. पुरुषाने मात्र दुसऱ्या पुरुषाला 'बायको कशी आहे' असं थेट विचारू नये, 'घरचे कसे आहेत' म्हणावं.

लग्नाचं बोलावणं आलं तर आनंदाने जा. बायकांची मेजवानी वेगळी असते आणि तिथे बुरख्याआडच्या मैत्रिणी पैठणीलाही मागे टाकतील अशा नटलेल्या दिसतात. तिथे फोन पर्समधून काढायचाच नाही. एका फोटोने एखाद्या मुलीच्या घरी किती त्रास होऊ शकतो, हे मी जवळून पाहिलं आहे, म्हणून कळकळीने सांगते.

निझवा, शाळेत शिक्षक

गावाकडची माणसं घरी जेवायला बोलावतातच. चपला बाहेर. मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या खोलीत शिरताच 'अस्सलामु अलैकुम' म्हणून उजवीकडून एकेकाला भेटत जायचं. मांडी घालून बसायचं, तळपाय कोणाकडे करायचे नाहीत. मोठ्या ताटात भात आणि मांस येतं, सगळे त्याच ताटातून उजव्या हाताने, आपापल्या समोरचं खातात. जेवणानंतर बखूरची, म्हणजे सुगंधी धुपाची धुपाटणी फिरते, तिचा धूर कपड्यांना घ्यायचा आणि थोड्या वेळात निरोप घ्यायचा. बखूर झाल्यावर बसून राहत नाहीत.

मी शाकाहारी. बोलावणं येताच तसं सांगतो. एवढ्याने कोणी दुखावत नाही. ताटावर बसल्यावर नाही म्हटलं की मात्र यजमान हिरमुसतो.

सोहार, कारखान्यात

भाच्यासाठी रमझानचं: दिवसा सार्वजनिक जागी खाणं, पाणी पिणं, सिगारेट हा बिगरमुस्लिमांसाठीही गुन्हा आहे. उभ्या गाडीतही नको. मुस्लिम कर्मचाऱ्यांचे कामाचे तास दिवसाला ६ होतात, त्यामुळे महत्त्वाची बैठक सकाळीच ठेवावी. आणि रस्त्यावर हातवारे, व्हॉट्सअ‍ॅपवर शिवीगाळ अजिबात नको. तक्रार झाली तर प्रकरण थेट पोलिसांत जातं.

मस्कत, गृहिणी

पाहुणे आले की आम्ही सुलतान काबूस मोठ्या मशिदीत नेतो. बिगरमुस्लिमांना सकाळीच सोडतात, शुक्रवारी नाही. बायकांचं डोकं, हात मनगटापर्यंत आणि पाय घोट्यापर्यंत झाकलेले हवेत. पंजाबी ड्रेस आणि मोठी ओढणी पुरते. पुरुषांना अर्धी चड्डी चालत नाही. वाडीत (डोंगरदरीतल्या ओढ्याला इथे वाडी म्हणतात) पोहायलाही अंगभर कपडेच घालावेत, शेजारी गावातली कुटुंबं असतात.

आपला धर्म लपवायची काही गरज नाही. मस्कतमध्ये शंकराचं आणि कृष्णाचं देऊळ आहे, आम्ही महाशिवरात्रीला रांगेत उभे असतो. फक्त दुसऱ्याच्या धर्मावर वाद घालू नये आणि कोणाला आपल्या धर्मात ओढू नये.

पुणे, ओमानमधून निवृत्त

जुन्या ओमानी माणसांना मुंबई परकी नाही. १९७० पर्यंत ओमानमध्ये रुपया चालत होता आणि ओमानचे सुलतान तैमूर गादी सोडल्यावर मुंबईत राहिले, १९६५ मध्ये तिथेच वारले. तेव्हा वडीलधाऱ्या माणसाशी हिंदीत बोलून पाहा, बरेचदा उत्तर हिंदीतच येतं.

एक राहिलं. सहकाऱ्याच्या घरी मृत्यू झाला तर समाचाराला जरूर जावं. तीन दिवस लोक येतात, पुरुष आणि बायका वेगळ्या बसतात. 'अहसनल्लाह अज़ाकुम' म्हणून हात मिळवायचा, दिलेला कहवा घ्यायचा, दहा-पंधरा मिनिटांत उठायचं. फुलं नेऊ नयेत. वरिष्ठ असो की कार्यालयातला शिपाई, दोघांकडेही सारखंच जावं. तिथे कोण आलं होतं ते कुटुंब वर्षानुवर्षं लक्षात ठेवतं.